पान लागलं

“ते पडवळ कुणी तोडलं?”

मांडवाखाली उभी राहून मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या परड्यातल्या कोंबड्या फडफडल्या. स्वयंपाकघरातून सून बाहेर आली. हातात उलथनं तसंच होतं.

“कुठलं, आत्या?”

“कोपऱ्यातलं. लाल चिंधी बांधलेलं.”

“ते होय? ते आजच्या भाजीला घेतलं मी. केवढं छान लांब होतं.”

“आणि चिंधी?”

“सोडून ठेवलीय ना. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधलीय तुम्ही.”

आता यावर माणसानं बोलायचं तरी काय? आमच्याकडं चिंधी बांधलेल्या फळाला लहान पोरसुद्धा हात लावत नाही. ते बियाणाचं असतं. वेलावरचं सरळ, निरोगी फळ हेरून त्याला चिंधी बांधायची आणि ते तिथंच पिकून लाल होऊ द्यायचं, म्हणजे पुढच्या सालच्या मांडवाची सोय झाली. माझ्या परड्यातलं पडवळाचं बी माझ्या आईनं दिलेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून ते एकदाही चुकलं नव्हतं. आणि ही बया त्यात हरभऱ्याची डाळ घालून मोकळी झाली होती!

मी नाही नाही ते बोलले. “तुझ्या आईनं तुला काही शिकवलंय की नाही?” इथपर्यंत मजल गेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि भांडी आपटायला लागली. मग मीही तोंडाला कुलूप घातलं. दुपारची जेवणं एकमेकींकडं न बघता झाली. भाजी चांगली झाली होती, पण सांगतंय कोण तिला!

गावात मला सगळे आक्का म्हणतात आणि माझ्या माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. जीभ तिखट आहे माझी, नाही कशाला म्हणू? मालक गेल्यावर घरात मी एकटीच. एकुलता एक मुलगा रणधीर फौजेत, वर बर्फात कुठंतरी. वैशाखात त्याचं लग्न केलं, रजा संपली आणि बायकोला माझ्याकडं ठेवून तो निघून गेला. मुलगी डोंबिवलीची. नाव मृण्मयी. ते माझ्या जिभेवर काही बसेना, म्हणून मी आपली सूनबाईच म्हणायचे. पोरगी कामाला वाईट नव्हती, पण मातीतलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. पडवळं सरळ वाढावीत म्हणून शेंड्याला दगड बांधलेले बघून म्हणाली होती, “आत्या, यांना फाशी का दिलीय?” अळू चिरायला दिलं तर हात खाजवून खाजवून रडकुंडीला आली. शेवटी मीच तिच्या हातांना आमसूल चोळून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिचे आईवडील यायचे होते. लग्नानंतर पहिल्यांदाच व्याही घरी येणार म्हणून अळूवड्यांचा बेत मीच ठरवला होता. वडीची पानं दुपारीच काढून ठेवायची होती, पण रुसव्याफुगव्यात दुपार गेली. ती विचारेना, मी सांगेना. मग दिवेलागणीला मला एकदम आठवण झाली. उजाडताच वड्या वाफवायला लावायच्या तर पानं आत्ताच हवीत.

तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावायचा नाही, हे माझंच सांगणं. सुनेलाही मीच दहादा बजावलं होतं. पण तेव्हा लाईट गेलेली, पावसाची भुरभुर, डोक्यात राग. तिच्यापुढं हात पसरून बॅटरी मागायला नको म्हणून मी तशीच मागच्या दारानं परड्यात गेले.

आमचं अळू मोरीच्या पाण्यावर वाढतं. पाण्यापाशी बेडूक असतात आणि बेडकांमागं कोण येतं ते मला कळत नव्हतं असं नाही. एरवी मी काठीनं पानं हलवल्याशिवाय तिथं हात घालत नाही. त्या दिवशी घातला. ओंजळभर पानं झाली. आणखी एक मोठं पान दिसलं म्हणून खाली दांड्यापाशी बोटं नेली, तर करंगळीखाली काहीतरी कच्चकन रुतलं. काटाच असणार म्हणून मी हात मागं ओढला. पान जागच्या जागी राहिलं, हललं ते दुसरंच काहीतरी. काळपट, मनगटाएवढं जाड. मान वर करून ते एवढीशी घटका तसंच राहिलं. मग फणा मिटून सावकाश शेणकुटांच्या ढिगाकडं गेलं. त्याला कसली घाई नव्हती.

ओरडायला तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर पडली.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्या माहेरी काय आणि सासरी काय, त्या जनावराचं नाव कुणी तोंडानं घेत नाही. दिवसा ‘लांबडं’ म्हणतात, अंधार पडला की तेवढंही नाही. आणि ते कुणाला चावलं, तर चावलं असं म्हणायचं नाही, ‘पान लागलं’ म्हणायचं. आई सांगायची, त्या घडीला ज्यानं नाव घेतलं त्याच्या अंगात विष दुपटीनं चढतं. मला हे खरं वाटायचं की खोटं, असा कधी प्रश्नच पडला नव्हता. माणूस विस्तवात हात घालत नाही, तसं आम्ही ते नाव घेत नव्हतो.

मी घरात आले. सून चिमणीच्या उजेडात देव्हाऱ्यापुढं उदबत्ती लावत होती.

“सूनबाई,” मी म्हटलं. सकाळच्या भांडणानंतर पहिल्यांदाच हाक मारली होती मी तिला. “मला पान लागलं.”

ती वळली. माझ्या एका हातात अळूचा जुडगा तसाच होता, त्याच हातानं मी दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं होतं. तिनं अळूकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं.

“अगं बाई, तुम्हालासुद्धा? थांबा हं, आमसूल आणते.”

मला काही कळेना. म्हटलं, यांच्याकडं यावर आमसूल लावत असतील काय?

“आमसूल राहू दे. भाऊजींना हाक मार. पळ.”

सर्जेराव भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या दोन घरांमध्ये नुसतं परड्याचं कुंपण.

“एवढ्याशासाठी काकांना कशाला, आत्या? चिखल तुडवत येतील बिचारे. मी देते ना चोळून.”

आणि ती खरंच आमसूल भिजवून घेऊन आली, माझ्यापुढं बसली आणि माझा हात मांडीवर घेऊन चोळायला लागली. हात सुजायला लागला होता. चिमणीच्या उजेडात तिला दाताच्या खुणा काय दिसणार! आगआग खांद्यापर्यंत जात होती.

“सकाळचं सोडून द्या, आत्या,” ती हळूच म्हणाली. “चुकलं माझं. मला खरंच माहीत नव्हतं.”

“अगं, मला पान लागलंय! पान!”

“हो हो. कळलं.”

हिला काहीही कळलेलं नव्हतं. हिला अळू खाजलंय असं वाटत होतं. घरात दुसरं माणूस नाही, बाहेर पाऊस, आणि मी मरायला लागलेय हे जिला सांगायचं, ती मायेनं माझ्या हाताला आंबट चोळत बसली होती.

मग मी ठरवलं. विष चढायचं तर चढू दे, पण आता नाव घ्यायचंच. उभ्या जन्मात जो शब्द मी अंधारात काढला नव्हता तो काढायला मी तोंड उघडलं.

“सा...” एवढंच निघालं. जीभ फळीगत जड झाली होती. उचलायला गेले तर उचलेना.

“काय म्हणालात?”

“सा... सा...”

“साखर? साखर हवीय? चक्कर येतेय का तुम्हाला?” ती उठून पळाली आणि वाटीत साखर घेऊन आली. बोटानं माझ्या जिभेवर ठेवली. मला ती गिळताही येईना. लाळ हनुवटीवरून खाली आली. आजवर मी कितीदा घाबरले असेन, बाळंतपणात घाबरले, मालकांच्या शेवटच्या दुखण्यात घाबरले, पण त्या साखरेच्या गोडीनं जशी भीती वाटली तशी कधीच वाटली नाही. सगळं मला कळत होतं आणि सांगायची वाट बंद झाली होती.

माझ्या पापण्या खाली यायला लागल्या. मी कपाळाला आठ्या घालून त्या वर ओढत होते, पण त्या उतरतच होत्या. आता मात्र पोरगी घाबरली. तिनं मोबाईल काढला. रणधीरला फोन लागणं शक्यच नव्हतं. तिनं डोंबिवलीला आईला लावला आणि फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवला, कारण दोन्ही हातांनी मला धरून बसली होती.

“आई, आत्या कसंतरीच करताहेत गं. अळू काढायला गेल्या होत्या. मला पान लागलं म्हणाल्या, म्हणून मी आमसूल लावलं, पण आता डोळे मिटताहेत. बोबडं बोलताहेत.”

“काय म्हणाल्या त्या?” विहीणबाईंचा आवाज आला. “शब्द काय होता नेमका?”

“पान लागलं.”

विहीणबाई मूळच्या सावंतवाडीकडच्या, तिकडंही असंच म्हणतात. त्या एवढ्या मोठ्यानं किंचाळल्या की फोन खरखरला.

“अगं मृणू, साप चावलाय त्यांना! साप! दवाखान्यात ने आधी, पळ!”

“साप?” सून ओरडली. तिन्हीसांजेला, देव्हाऱ्यासमोर, माझ्या घरात. खोटं नाही सांगत, माझ्या जिवाला तेवढंच बरं वाटलं.

पुढचं मी कानांनी ऐकलं तसंच सांगते, कारण पापण्या मिटल्या त्या मिटल्याच. सून कुंपणापाशी जाऊन ओरडली. भाऊजी आले, त्यांच्यामागं आणखी दोघंतिघं आले. कुणीतरी तालुक्याला जाणाऱ्या वडापच्या जीपवाल्याला घरातून उठवून आणलं. मला उचलून जीपमध्ये मागच्या बाकावर घातलं. डोकं सुनेच्या मांडीवर होतं.

“आधी भैरोबाच्या देवळात घे,” भाऊजी वडापवाल्याला म्हणाले.

“देवळात नको, काका. दवाखान्यात.”

“गावची रीत आहे, पोरी. पायरीवर ठेवायचं, अंगारा लावायचा. त्याला वेळ लागत नाही.”

“तेवढाही वेळ नाही. माझ्यामुळं आधीच गेलाय तो.” आणि मग वडापवाल्यावर खेकसली, “दादा, गाडी देवळाकडं वळवलीत तर मी चालत्या गाडीतून उडी टाकीन.” हे तिनं का म्हटलं देव जाणे. उडी टाकून काय होणार होतं? पण तो बिचारा भ्याला आणि त्यानं गाडी सरळ घातली.

रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला माझी मान डुगडुगायची आणि ती दोन्ही हातांनी धरायची. मी आत सगळी जागी होते, आणि बाहेर माझ्या ताब्यात काही म्हणता काही राहिलं नव्हतं. मग श्वास अडायला लागला. छाती उचलायलाच येईना. आत घेतलेली हवा चमचाभर, मग अर्धा चमचा. पाण्यात बुडणारा माणूस निदान हातपाय तरी मारतो. मी नुसती पडून होते आणि बुडत होते. देवाचं नाव घ्यावं तर तेसुद्धा आठवेना.

दवाखान्यात मला टेबलावर ठेवलं. बाईमाणसाचा आवाज आला, कोवळा, माझ्या सुनेच्याच वयाचा असेल. ती डॉक्टर. कुठल्या वेळी चावला, कसला होता, असं ती विचारत होती आणि कुणालाच काही सांगता येत नव्हतं. सांगणारी मी टेबलावर होते. फणा होता फणा, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. तिनं हात बघितला, पापण्या बघितल्या आणि बहुतेक नागच आहे म्हणाली. सुया टोचल्या. मग माझ्या घशात नळी घातली. ती खाली सरकताना मला सगळी कळली. दुखलं किती ते विचारू नका. मग एकदम छाती भरली. कुणीतरी माझ्यासाठी श्वास घेतल्यासारखं वाटलं.

“हा फुगा आहे,” डॉक्टर सांगत होती. “असा दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. त्यांना स्वतःहून श्वास घेता येत नाहीये. इथं मशीन नाही. जिल्ह्याहून गाडी बोलावलीय, ती येईपर्यंत हे हातानंच करावं लागेल. माझ्याकडं आज एकच सिस्टर आहे आणि बाहेर बाळंतीण अडलीय. कोण करणार?”

“मी,” सून म्हणाली.

“थांबलात तर त्याही थांबतील. लक्षात ठेवा.”

आणि ती दाबायला लागली. मला तिचे हात ऐकू येत होते, म्हणजे त्या फुग्याचा फुसफुस आवाज. सुरुवातीला घाईघाईनं दाबत होती. मग तिला लय सापडली. दाबता दाबता ती माझ्याशी बोलत होती, आणि गोड बोलत होती असं समजू नका. चांगली भांडत होती.

“साप म्हणायला काय झालं होतं हो तुम्हाला? एरवी एवढं बोलता. सकाळी माझ्या आईला काय काय बोललात, तेव्हा बरे शब्द सापडले! पान म्हणे. मला काय कळणार पान? मेलात ना तुम्ही, तर मी रणधीरला काय तोंड दाखवू? सांगा ना!” मध्येच हुंदका यायचा, पण फुगा चुकायचा नाही.

किती वेळ गेला, मला सांगता यायचं नाही. तिचे हात दुखायला लागले होते. आवाज अडखळायचा आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, संपलं. दोन दाबांच्या मधली ती जी जागा असते ना, तिथं मी किती वेळा मेले असेन कोण जाणे.

तेवढ्यात भाऊजी जवळ आले. त्यांनी माझी एक पापणी बोटानं वर उचलली. मला त्यांचा चेहरा दिसला, अगदी जवळ, मिशीवर पाण्याचे थेंब. ते मला बघत होते आणि मी त्यांना बघत होते, आणि त्यांना ते कळत नव्हतं. त्यांनी पापणी सोडून दिली. परत अंधार.

“वहिनी गेल्या,” ते म्हणाले.

“नाही गेल्या, काका. छाती हलतेय.”

“तू हवा भरतीयेस म्हणून हलतेय, पोरी. बुबुळ बघितलं मी. दगड झालंय.” त्यांचा आवाज फुटला. “दादाचंही असंच केलं होतं पुण्याला. मशीन लावली, नळ्या घातल्या, आणि शेवटी चिंध्या करून आमच्या ताब्यात दिला. वहिनींचं तसं नको. आता घरचा मोठा मी आहे. आपल्या अंगणात नेऊया त्यांना. जीप उभीच आहे.”

माझे दीर वाईट नाहीत. माझ्यावर आईसारखी माया करणारा माणूस, म्हणून तर जास्तच भीती वाटली. रागानं कुणी मारायला आलं तर कुणीतरी आडवं जातं. मायेनं न्यायला आलेल्या माणसाला कोण अडवणार? गाडीतून आलेल्या बाकीच्या दोघांनीही मान हलवली असावी, कारण कुणीतरी म्हणालं, “सर्जेराव बरोबर बोलतोय. नळी काढायला सांगा.”

मी आतून टाहो फोडत होते. भाऊजी, मी आहे हो. मी ऐकतेय. मला नेऊ नका.

डॉक्टर धावत आली. “अहो, त्या जिवंत आहेत. हृदय चालू आहे. विषानं अंग लुळं पडलंय, पण त्यांना सगळं कळत असेल, ऐकू येत असेल. औषध दिलंय, थोडा वेळ द्या.”

“ऐकू येतंय तर मग दाखवा,” भाऊजी म्हणाले. “काहीतरी खूण दाखवा. नाहीतर आम्ही नेतो, कागदावर सही करून नेतो. तुमच्यावर काही येणार नाही.”

डॉक्टर म्हणाली, “कधी कधी पायाचा अंगठा थोडासा हलवता येतो. सगळ्यांनाच नाही येत. सांगून बघा.”

सून माझ्या कानापाशी वाकली. फुगा दाबणं चालूच होतं. तिचा श्वास माझ्या गालाला लागला.

“आत्या, ऐकू येतंय ना? तर पायाचा अंगठा हलवा. थोडासा. एकदाच.”

मी जीव खाऊन जोर लावला. तसा जोर मी रणधीरच्या वेळीही लावला नसेल. माझा उजवा पाय कुठं आहे ते मला कळत होतं. अंगठ्याशेजारी एक डास बसला होता, तोही कळत होता. त्या अंगठ्यापर्यंत मी मनानं गेले, त्याला विनवलं, शिव्या दिल्या. हल मेल्या, हल! माझ्या मनात दुसरं काही राहिलं नव्हतं, ना देव, ना मुलगा, ना घर. नुसता अंगठा.

फुगा फुसफुसत होता.

“हलला!” सून ओरडली. “काका, हलला! उजवा अंगठा! मी बघितला!”

“कुठं? आम्हाला नाही दिसला.”

“आत्ता हलला. एवढासा. तुम्ही तोंडाकडं बघत होता. डॉक्टर, हलला, खरंच हलला!”

भाऊजी धडपडत टेबलाशी आले ते मला ऐकू आलं. ते माझ्या पायांवर डोकं टेकून लहान मुलासारखे रडायला लागले. “वहिनी, चुकलं माझं. वहिनी.”

डॉक्टर जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “ठीक आहे. मग कुणी यांना कुठंही न्यायचं नाही. तुम्ही दाबत राहा. दमलात तर काका दाबतील.”

आणि भाऊजींनी दाबलं. दोघांनी आळीपाळीनं दाबलं, जिल्ह्याची गाडी येईपर्यंत आणि गाडीत बसल्यावरही. दुसऱ्या दिवशी माझ्या पापण्या उघडल्या, त्याच्या पुढच्या दिवशी नळी निघाली. डोंबिवलीचे व्याही थेट दवाखान्यातच आले. विहीणबाईंचा हात हातात घेऊन मी किती वेळ रडले, घशातून आवाज निघत नव्हता तरी.

या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. गावात ती अजून सांगतात. आलं-गेलं माणूस हमखास विचारतं, आणि भाऊजी ती पहिल्यापासून रंगवून सांगतात. वहिनींनी मरणाच्या दारातून अंगठा हलवला आणि मला पापातून वाचवलं, असं म्हणतात. सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. तो अंगठा हलला नसता आणि आपण वहिनींना जिवंत घरी आणून सरणावर ठेवलं असतं, या विचारानं त्यांना अजून झोपेतून दचकून जाग येते म्हणे.

पण तो हलला नव्हता.

मी तिथं होते ना. माझा अंगठा माझाच. डास बसलेला मला कळत होता, तो उडाला नाही तेही कळलं. केसभरसुद्धा हलला नव्हता. पोरीनं सगळ्यांच्या देखत धडधडीत खोटं सांगितलं. मला ऐकू येतंय की नाही, मी आहे की गेले, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. तरी ती म्हणाली, हलला.

तिनं मला हे कधी सांगितलं नाही. मीही कधी काढलं नाही. डॉक्टर सोडली तर आम्हा दोघींशिवाय ते कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही, आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नाही. गोष्ट अंगठ्यापाशी आली की ती उठते. चहा टाकते म्हणून आत जाते, नाहीतर दोरीवरचे कपडे काढायला जाते.

परवा माझी चुलत नणंद आली होती. भाऊजींचं सांगून झालं, सून नेहमीसारखी उठली आणि दाराशी गेली. नणंदेनं मला ढोसलं. “खरंच गं आक्का? त्या तसल्या दशेत अंगठा हलवलास तू?”

दारात सून थांबली. पाठमोरी होती.

“हलवला म्हणजे काय?” मी मोठ्यानं म्हटलं. “चांगला जोरात हलवला. हिनंच तर बघितला.”